राहते घर आणि संक्षिप्त न्याय

घरमालक आणि भाडेकरू यांचा कज्जा हा आपल्या मध्यमवर्गीय संसारातला इतका परिचित विषय आहे की, त्यात तात्त्विक विचारास काही जागा असेल अशी शंकादेखील सहसा कोणास येत नाही. भाडे थकले, मुदत संपली, नोटीस गेली, वकील दिला, तारखा पडू लागल्या. एवढ्यात त्याची सारी कथा आटोपते, असे आपण समजतो. परंतु या कज्ज्यांच्या पोटात एक प्रश्न असा दडलेला आहे की, त्याचे नाते कायद्याच्या कलमांपेक्षा नीतिविचाराशी अधिक जवळचे आहे. ज्याच्यापाशी बचावासाठी सांगण्यासारखे काही नाही असे कागदावरून दिसते, त्याचे म्हणणे ऐकून घेण्यास न्यायासन बांधलेले आहे काय? की कागद पुरेसा बोलका असला म्हणजे माणसाने बोलण्याचे कारण उरत नाही? या प्रश्नाचा येथे थोडा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

साक्षीपुरावा, उलटतपासणी, युक्तिवाद या सर्व पायऱ्या न चढता, केवळ दस्तऐवज आणि प्रतिज्ञापत्रे पाहून निकाल देण्याची जी रीत, तिला आपण संक्षिप्त न्याय म्हणू. हिचा जन्म व्यापारात झाला. इंग्लंडात १८५५ साली हुंड्यांच्या दाव्यांकरिता अशी रीत कायद्याने घालून दिली गेली. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सदतिसाव्या आदेशात तीच आढळते. सही केलेली हुंडी समोर आहे, पैसे दिलेले नाहीत. मग प्रतिवादीने आधी 'मला बचाव करू द्या' अशी परवानगी मागावी आणि ती का द्यावी हे सांगावे, असा त्या रीतीचा आशय आहे. बाजारात ती शोभते. व्यापारी सही करताना तिचा अर्थ जाणतो, आणि पैशाची दिरंगाई त्याच्या धंद्याच्या मुळावर येते. आता प्रश्न आहे तो हीच रीत बाजारातून उठून राहत्या घराच्या उंबऱ्यावर येते तेव्हाचा.

महाराष्ट्रात ती तेथवर कशी आली, हे सांगितले पाहिजे. जागेच्या टंचाईच्या काळात १९४७ साली मुंबई प्रांताने भाडेनियंत्रणाचा कायदा केला. तो मुदतीचा म्हणून आला आणि मुदती वाढत वाढत अर्धशतक टिकला. भाडेकरूस संरक्षण मिळाले. त्यासरशी पुष्कळ मालकांनी 'भाडे' हा शब्दच टाळला आणि 'परवाना' हा शब्द जवळ केला. पुढे कायद्याने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत राहत असलेल्या परवानाधारकांसही भाडेकरूंच्या पंक्तीस बसविले. त्याचा परिणाम असा झाला की, पुष्कळ मालक घर कुलूपबंद ठेवणे पत्करू लागले, पण ते दुसऱ्याच्या हाती देईनात. १९९७ साली मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, वर्षानुवर्षे गोठवून ठेवलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरले आहे, असे स्पष्ट सांगितले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम झाला, आणि तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

या अधिनियमाने दोन दारे केली. पहिले दार भाडेकरूचे. त्याच्यावर भाडे थकल्याबद्दल दावा लावावयाचा तर आधी लेखी मागणी करून नव्वद दिवस थांबावे लागते. दावा लागल्यावरही समन्स पोचल्यापासून नव्वद दिवसांत त्याने थकबाकी पंधरा टक्के व्याजासह भरली, आणि पुढेही तो भाडे देत राहिला, तर त्याचे घर वाचते. मालकास स्वतःच्या राहण्यासाठी जागा हवी असेल, तर कोणास अधिक हाल सोसावे लागतील हेही न्यायालयास तोलून पाहावे लागते. दुसरे दार परवानाधारकाचे, म्हणजे अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याचे. तो न्यायालयात नव्हे, तर सक्षम प्राधिकाऱ्यापुढे उभा राहतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याने प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मिळविली पाहिजे. ती मिळविली नाही, तर मालकाने अर्जात जे जे लिहिले ते ते त्याने कबूल केले, असे कायदा धरून चालतो आणि घर खाली करण्याचा हुकूम निघतो. शिवाय लेखी करारात जे नमूद केले असेल, ते त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा मानावे, असेही कायद्याचे शब्द आहेत. मुदत संपल्यावर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते ती वेगळीच.

पहिल्या दारी दयेसाठी किती जागा राखली आहे आणि दुसऱ्या दारी किती थोडी, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. तथापि एवढ्यावरून दुसऱ्या दारास निर्दय म्हणणे हा अविचार होईल. विलंब हाही एक अन्याय आहे, आणि तो सोसणारा दर वेळी धनिकच असतो असे नाही.

आपण अशी कल्पना करू की, जळगावात नवी पेठेत एका शिक्षकाची विधवा राहते. पतीच्या पश्चात घर हीच तिची ठेव. वरच्या दोन खोल्या तिने अकरा महिन्यांच्या नोंदलेल्या करारावर एका नोकरदार कुटुंबास दिल्या. मुदत संपली, कुटुंब हालले नाही. मुलगा बदली होऊन परत आला, त्याच्या मुलांस निजावयास जागा नाही, आणि ज्या भाड्यातून औषधे यावयाची ते भाडेही बंद झाले. आता तिने नेहमीच्या दिवाणी रीतीने दावा लावावा, अपिलात जावे, आणि निकाल ऐकण्यास आपण असू की नसू या चिंतेत उरलेली वर्षे काढावी, असे कोणी म्हणेल, तर त्याच्या न्यायबुद्धीविषयी आम्हांस शंका येईल. आपल्या हक्काची गोष्ट इतक्या उशिरा हाती येणे की तिचा उपयोगच उरू नये, हे ती न मिळण्याहून फारसे निराळे नाही.

जळगावकरांस या विलंबाचा अनुभव सार्वजनिक रूपानेही आलेला आहे. तेथील महानगरपालिकेच्या व्यापारी संकुलांतील पुष्कळ गाळ्यांची मुदत २०१२ साली संपली. त्यानंतर थकबाकी आणि ताबा यांचा वाद कित्येक वर्षे चालला. ते गाळे दुकानांचे, राहत्या घरांचे नव्हेत. पण तेथे मालक म्हणजे सारे गाव होते, आणि दिरंगाईचा तोटाही गावाचाच होता. पालिकांच्या जागांसाठी अशी खास आणि जलद रीत असावी की नाही, हा प्रश्न मगनलाल छगनलाल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपुढे आला होता, आणि १९७४ साली न्यायालयाने ती रीत वैध ठरविली. अमेरिकेतही १९७२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ओरेगॉन राज्याच्या अशाच कायद्याचा विचार केला. समन्स लागू झाल्यापासून सहा दिवसांच्या आत खटला चालविणे त्या न्यायालयाने चालू दिले. पण अपील करणाऱ्या भाडेकरूने दुप्पट भाड्याची हमी द्यावी, ही अट मात्र रद्द केली. तात्पर्य, त्वरा स्वतः पाप नव्हे, हे थोरामोठ्यांनी मान्य केलेले आहे.

परंतु आता दुसरे चित्र पाहा. धुळ्याच्या एका गल्लीत वीस वर्षे राहणारा एक गुमास्ता आहे, असे समजा. तो प्रत्येक महिन्यास रोख भाडे देत आला. पावती कधी मागितली नाही, कारण मालकाशी घरोबा होता. मालकाच्या पश्चात मुलाने 'हा नुसता उपचार आहे' असे सांगून अकरा महिन्यांचा करार पुढे केला. यंत्रावर अंगठ्याचा ठसा उमटला आणि वीस वर्षांचा भाडेकरू एका क्षणात परवानाधारक झाला. पुढे आखाजीस तो सहकुटुंब गावी गेला, तेथे आजारी पडला आणि महिनाभर अंथरुणास खिळला. समन्स बंद दारावर डकविले गेले. तो परतला तेव्हा तीस दिवस उलटून गेले होते, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याने सर्व काही कबूल केलेले होते. कागद पाहिला तर येथे वादच नाही. माणूस पाहिला तर वादाखेरीज दुसरे काही नाही.

या दोन्ही घरांवर एकच नियम चालतो. पहिल्या घरी तो न्याय करतो आणि दुसऱ्या घरी अन्याय. आणि दुःखाची गोष्ट ही की, प्राधिकाऱ्याच्या मेजावर दोन्ही प्रकरणांचे कागद अगदी सारखे दिसतात. दोहोंतला फरक कळण्यास एकच उपाय आहे, आणि तो म्हणजे ऐकणे. आमच्या मते संक्षिप्त न्यायाचा सारा नैतिक प्रश्न येथे येऊन ठेपतो.

याविषयी आपल्या जुन्या शास्त्रकारांनी केलेला विचार आजही मननीय आहे. स्मृतिग्रंथांनी व्यवहाराचे, म्हणजे न्यायनिवाड्याचे, चार पाद मानले आहेत : वादीची फिर्याद, प्रतिवादीचे उत्तर, प्रमाण आणि निर्णय. उत्तराचेही प्रकार त्यांनी सांगितले. त्यांपैकी एक म्हणजे संप्रतिपत्ती, अर्थात् कबुली. जेथे प्रतिवादी कबूल करतो तेथे प्रमाणाची गरजच राहत नाही, म्हणून असा व्यवहार द्विपाद, दोन पायांवरच उभा राहणारा, समजला गेला. आजच्या दिवाणी संहितेत कबुलीवरून निकाल देण्याची जी तरतूद आहे, तिचे बीज हेच. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या दोन पायांपैकी एक पाय उत्तराचा आहे. प्रमाण गळाले तरी उत्तर गळत नाही. कबुलीसुद्धा प्रतिवादीच्या मुखातून यावी लागते.

यावर कोणी असे म्हणेल की, गप्प बसणाऱ्यास आणि बोलावले असता पळणाऱ्यास नारदाने 'हीन' वाद्यांत गणलेच आहे. ते खरे आहे, आणि मौनाकडे साफ दुर्लक्ष करावे असे आमचेही म्हणणे नाही. पण त्याच नारदाने, भूमी आणि ऋण यांच्या वादांत बोलताना चुकलेला पक्ष दंडास पात्र झाला तरी मूळ अर्थास मुकत नाही, असा विवेक ठेविला आहे. चुकीस शिक्षा आणि हक्काचा नाश या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, ही ती दृष्टी. धुळ्याच्या त्या गुमास्त्यास उशिराबद्दल दंड करा, मालकाचा खर्च भरावयास लावा. पण महिनाभर तो अंथरुणावर होता म्हणून वीस वर्षांचे वास्तव्य खोटे ठरवू नका, एवढेच म्हणावयाचे.

या संदर्भात आणखी एका जुन्या कायद्याची आठवण होते. १८७५ साली दक्षिणेत सावकारांविरुद्ध दंगे झाले. चौकशीअंती असे दिसून आले की, कुणब्यांवर झालेले पुष्कळ हुकूमनामे एकतर्फी होते. ऋणको न्यायालयात येतच नसे, आणि रोख्यावर त्याची निशाणी असली म्हणजे तेवढे पुरत असे. म्हणून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याने न्यायाधीशास सांगितले की, केवळ रोखा पाहू नका. व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास पाहा, आणि ऋणकोने कबुली दिली तरी ती समजून दिली आहे काय याची खात्री करून घ्या. हा कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. खानदेश त्यांत नव्हता. परंतु योगायोग असा की, ज्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी पुढे या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केले, ते त्याच १८७९ साली धुळ्यास सबजज्ज होते. १८७९ चा कायदा न्यायाधीशास कागदाच्या मागे जावयास सांगतो. १९९९ चा कायदा एका विशिष्ट बाबतीत कागदापाशीच थांबावयास सांगतो. दोन्ही कायदे आपापल्या काळातील एका खऱ्या दुखण्यावर उपाय म्हणून आले, हे मान्य केलेच पाहिजे. पण पहिल्याने जे ओळखले होते ते दुसऱ्याच्या अंमलात विसरले जाऊ नये. दुर्बळाच्या हातचा कागद पुष्कळदा त्याच्या इच्छेचा पुरावा नसतो. त्याच्या गरजेचा असतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो विचारार्ह आहे. 'प्रत्येकाचे ऐकत बसावयाचे, तर संक्षेप तो कसला? आणि ज्याच्यापाशी खरोखरच काही बचाव नाही, त्याचे ऐकून लाभ काय?' यातील दुसऱ्या भागास मुंबईच्या पदपथवासीयांच्या प्रकरणात, म्हणजे ऑल्गा टेलिस यांच्या १९८५ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले आहे. पदपथावर राहणाऱ्यांस सांगण्यासारखे काहीच नाही, म्हणून त्यांस नोटीस देण्याची गरज नाही, हा पालिकेच्या बाजूचा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. सुनावणीचे मोल तिच्यातून निघणाऱ्या फळापुरतेच नसते. ज्याच्या बाबतीत निर्णय व्हावयाचा त्यास माणूस म्हणून समोर बसवून कारण सांगणे, यालाही स्वतंत्र मोल आहे, हा त्या विवेचनाचा भावार्थ होय. शेवटी पदपथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार न्यायालयाने कायम ठेविला, म्हणूनच हे विवेचन अधिक महत्त्वाचे. ज्याचा दावा फेटाळावयाचा आहे त्याचेही ऐकावे, असा तो धडा आहे.

आक्षेपाच्या पहिल्या भागाचे उत्तर असे की, संक्षेप पुराव्याचा करावा. ऐकण्याचा करू नये. घराच्या कज्ज्यांत दोन जातींचे प्रश्न येतात. मुदत कोणत्या तारखेस संपली, भाडे भरले की नाही, करार नोंदलेला आहे की नाही, हे प्रश्न कागद सोडवू शकतो. त्यांसाठी वर्षानुवर्षे साक्षी घेणे हा वेळेचा अपव्यय होय. पण हा करार खरा की दिखाऊ, कोणाचे हाल अधिक होतील, मालकाची गरज खरी की सबब, हे प्रश्न माणसांवाचून सुटत नाहीत. कायद्याने तुलनात्मक हालांचा विचार भाडेकरूच्या दारीच ठेविला आणि तो पूर्ण सुनावणीवर सोपविला, यात शहाणपण आहे. दुसऱ्या दारी हवे आहे ते एवढेच की, आपल्यापुढचा प्रश्न कोणत्या जातीचा आहे, हे प्राधिकाऱ्याने ऐकून ठरवावे. बचावाची परवानगी देताना 'हा जिंकेल काय' असे विचारावयाचे नसते. 'याचे म्हणणे खरे निघाल्यास निकाल बदलेल काय' एवढेच विचारावयाचे असते. हुंड्यांच्या दाव्यांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९५८ आणि १९७६ सालच्या निकालांत हीच कसोटी घालून दिली आहे. जळगावच्या त्या विधवेच्या बिऱ्हाडकरूस ही कसोटी लावा. पंधरा मिनिटांत त्याचे म्हणणे संपेल आणि तिला तिच्या खोल्या मिळतील. धुळ्याच्या गुमास्त्यास लावा. त्याच पंधरा मिनिटांत कागदाच्या मागचे वीस वर्षांचे घर दिसू लागेल. न्यायासनाचा खर्च दोन्हीकडे सारखाच.

यासाठी कायदा मोडून नवा करावयास पाहिजे असेही नाही. समन्सावर सोप्या मराठीत आणि ठळक अक्षरांत लिहावे की, तीस दिवसांत उत्तर न दिल्यास आपण सर्व कबूल केले असे धरले जाईल. १९८७ च्या कायद्यान्वये जिल्ह्याजिल्ह्यांत विधी सेवा प्राधिकरणे आहेत. स्त्रिया, अनुसूचित जातिजमातींचे लोक आणि अल्प उत्पन्नाची माणसे यांस तेथे विनामूल्य वकील मिळू शकतो. ही गोष्टही त्याच कागदावर छापावी. ज्याच्याविरुद्ध हुकूम निघेल त्यास बिऱ्हाड हलविण्यापुरता अवधी द्यावा. एवढ्याने मालकाचे फार तर थोडे दिवस जातील. ते घालविण्यास तो तयार नसेल, तर त्याची घाई न्यायासाठी आहे की दुसऱ्या कशासाठी, असे विचारण्याचा अधिकार आपणांस पोचतो.

तथापि सर्व भार न्यायासनावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. संक्षिप्त न्याय विश्वासावर चालतो : कागदात लिहिले ते खरे आहे, हा तो विश्वास. भाडे घेत असून 'परवाना' लिहून घेणारा मालक तो विश्वास मोडतो. मुदत संपली हे ठाऊक असून केवळ दिवस काढण्यासाठी खोटे प्रतिज्ञापत्र करणारा बिऱ्हाडकरूही तोच मोडतो. दोघेही तिसऱ्याच कोणाच्या तरी वाटणीचा न्याय खर्च करतात. कारण खोट्या कागदांमुळे कायदा कडक होतो आणि खोट्या बचावांमुळे न्यायाधीश कानाडोळा करावयास शिकतात, आणि त्याचे फळ खऱ्या माणसास भोगावे लागते.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे घर जळगावात किंवा धुळ्यात असेल, त्याचा एखादा मजला अकरा महिन्यांच्या करारावर दिलेला असेल, आणि मुलगा किंवा मुलगी पुण्यास अशाच दुसऱ्या एका करारावर राहत असेल. वडील येथे मालक आणि लेक तेथे बिऱ्हाडकरू, अशी आजच्या मध्यमवर्गाची स्थिती आहे. वडील कायदा अधिक जलद व्हावा म्हणतात, आणि लेकीस मालकाची नोटीस आली की तोच कायदा त्यांस निष्ठुर वाटू लागतो. एकाच जेवणाच्या पाटावर ही दोन्ही मते ऐकावयास मिळतात, आणि दोन्ही प्रामाणिक असतात. आम्ही एवढेच सुचवितो की, आपल्या घराच्या बिऱ्हाडकरूविषयी मत बनविताना पुण्यातल्या त्या खोलीचे स्मरण ठेवावे, आणि त्या खोलीविषयी तक्रार करताना आपल्या वरच्या मजल्याचे. असे करूनही जो नियम आपणांस योग्य वाटेल, तो बहुधा न्याय्य असेल. आणि आमची अशी समजूत आहे की, त्या नियमात त्वरा असेल, पण दुसऱ्या पक्षास एकदा समोर बसवून 'तुम्हांस काय सांगावयाचे आहे?' असे विचारणेही असेल.